पोरांचा ठराव

भूम तालुक्यातल्या एका गावात मी ग्रामसेवक होतो. गावात सगळे 'भाऊसाहेब' म्हणायचे, शाळेतली पोरंसुद्धा. 'आमचं गाव, आमचा विकास'चा आराखडा करताना मुख्य ग्रामसभेआधी महिलांची आणि मुलांची वेगळी सभा घ्यायची असते. पहिली दोन वर्षं मी बालसभा कागदावरच उरकली. शाळेतून नावं आणली, 'मुलांनी स्वच्छतेवर चर्चा केली' असं लिहिलं आणि सह्या एका पोराकडून करून घेतल्या. याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, एकदा लेकरांसमोर बसून तर बघा." दसऱ्यानंतर शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलो. बराच वेळ कुणी बोलेना. मग मुलींच्या मुतारीला कडी नाही हे निघालं, पाण्याच्या टाकीवर झाकण नाही हे निघालं. शेवटी सातवीतली एक मुलगी उठली.

"दिवाळी झाली की गाड्या जातात. वसतिगृह त्याच्यानंतर महिन्यानं सुरू होतं. तवर आम्ही कारखान्यावर असतो. मागं वसतिगृहाच्या यादीत माझं नाव होतं, पण मी कोपीवर भावाला सांभाळत होते."

भूम, परंडा, वाशी, कळंब या भागातून दर हंगामात जोडपीच्या जोडपी ऊसतोडीला जातात आणि कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहतात. त्यांच्या लेकरांची शाळा सुटू नये म्हणून गावात हंगामी वसतिगृह असतं. मुलं आजी-आजोबांकडे राहतात, जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती करते. पण मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली माणसं वसतिगृहाच्या मंजुरीसाठी थांबू शकत नाहीत. लेकरं सोबत निघतात. मुलगी जरा मोठी असली की तिला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून लग्नच उरकतात. गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असायचा. म्हणजे मीच. आणि ही तारखांची गोष्ट माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती.

मुख्य ग्रामसभेत मी तिचं म्हणणं वाचून दाखवलं. मागून आवाज आला, "लेकरांचं काय लिहून घेता, रस्त्याचं घ्या." अठरा वर्षांखालच्यांना मत नाही, म्हणून ते ग्रामसभेचे सदस्य नाहीत. ठरावाला सूचक आणि अनुमोदक मतदारच लागतो. सूचक कोण, असं मी तीनदा विचारलं. समोर मुकादम बसला होता, उचल घेतलेल्यांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात त्या मुलीची आजी खांबाला धरून उठली. "माझं नाव लिव्हा," म्हणाली. अंगठ्याला शाई लावताना तिचा हात थरथरत होता. तिच्यामागून एका तोडणीवाल्यानं अनुमोदन दिलं. गाड्या निघण्याआधी वसतिगृह सुरू करावं, असा ठराव मंजूर झाला. पंचायत समितीत मी तो स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली.

त्या वर्षी वसतिगृह गाड्या गेल्यानंतर नऊ दिवसांनी सुरू झालं. दुपारी शाळेतला पोषण आहार होता. सकाळ-संध्याकाळ चौदा लेकरांच्या भाकरी ती आजी आणि शेजारच्या दोन बायांनी थापल्या. चौदाही जण वार्षिक परीक्षेला बसले.

मुलांशी संबंधित गोष्टीत त्यांचं मत ऐकून घ्यावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं. भारतानं तो 1992 साली स्वीकारला. शेजारच्या कर्नाटकात मुलांच्या ग्रामसभांचा शासन आदेशच आहे. ऐकायचं म्हणजे लिहूनही घ्यायचं, असं मी तरी समजतो. मुतारीची कडी आठवड्यात बसली होती, कारण ती बालसभेच्या वहीत लिहिलेली होती.

तुमच्या गावात ग्रामसभा भरेल तेव्हा बालसभेचं इतिवृत्त मागून घ्या. मुलांच्या सगळ्या सह्या एकाच हाताच्या दिसल्या, तर तिथंच उठून विचारा.