परतीचा टाका

सेवानिवृत्तीविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यात पेन्शन, तीर्थयात्रा, प्रकृतिमान आणि मुलाबाळांचे संसार यांचाच विचार मुख्यत्वेकरून आढळतो. सकाळची कॉफी आणि दुपारचे भरतकाम यांना त्यात कोणी फारसे स्थान दिलेले नाही. आमचा निवृत्तीतील दिवस मात्र या दोन साध्या गोष्टींवरच उभा आहे, आणि त्यांतूनच जो एक विचार आम्हास सुचला तो वाचक भगिनींपुढे मांडावा असे वाटते.

आमचे घर मलकापुरास. कऱ्हाडला लागूनच हे गाव. एका अंगास आगाशिवाचा डोंगर व त्यातील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी, तर दुसरीकडे पुणे-बंगळूर महामार्गाची अखंड घरघर. पूर्वी येथील बायकांची सकाळ नळाच्या स्वाधीन असे. पाणी येण्याची वेळ ठरलेली, आणि ती साधली नाही तर दिवस कोरडा. पुढे २००९ च्या सुमारास येथे मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू झाली व तिच्यामुळे या लहानशा गावाचा लौकिक दूरवर गेला. त्या लौकिकात एका गोष्टीची नोंद कोणी केली नसावी. ती ही की, त्यामुळे घरोघरच्या गृहिणीला पहाटेचा एक तास परत मिळाला.

त्या तासात आम्ही कॉफी करतो. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात अरबस्तानातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्याच कर्नाटकातील कॉफीची पूड, तिच्यावर उकळते पाणी, थेंबथेंब उतरणारा अर्क, दाट दूध आणि वर किसलेले जायफळ! घाईच्या माणसाचे हे काम नव्हे. चौतीस वर्षे शाळेची घंटा गाठण्यासाठी आम्ही उभ्याउभ्याच चहा घेतला. आता दोन पेले भरतो. त्यांतील पहिला थोरल्या जाऊबाईंचा.

याचे कारण सांगितले पाहिजे. अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली तेव्हा आम्हास निवृत्तीचा कागद मिळाला, शाल-श्रीफळ मिळाले, चार गोड शब्दही ऐकावयास मिळाले. आम्ही शाळेत जात होतो त्या काळात आमच्या मुलांना जेवू घालणे, त्यांचे ताप काढणे, सणवार, पैपाहुणा, सारे जाऊबाईंनी पाहिले. आमच्या पगाराच्या प्रत्येक रुपयात त्यांचे चार आणे तरी खचितच होते. परंतु त्यांना निवृत्तीचा कागद देणारे कार्यालय या जगात कोठेही नाही. पहिल्या दिवशी पेला हाती दिला तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या, "अगं, अशी सवय लावू नकोस. उद्या मला चुलीपाशी जावेसे वाटायचे नाही!" आम्ही म्हटले, "जाऊबाई, तेच तर हवे आहे."

दुपारी तीन ते पाच आम्ही दोघी खिडकीशी भरतकाम घेऊन बसतो. येथून फार दूर नसलेले देवराष्ट्रे हे रमाबाई रानडे यांचे जन्मगाव. १९०९ साली त्यांनी पुण्यास सेवासदन काढले. तेथील शिवणकामाच्या वर्गांनी कित्येक निराधार स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे केले. त्यांच्या हातातील सुई हा विरंगुळा नव्हता, पोटाचा आधार होता. आमच्या हाती ती केवळ आनंदासाठी आली, हे भाग्य आम्ही विसरत नाही.

जाऊबाई धारवाडकडच्या. त्यांनी आम्हास कर्नाटकी कशिदा शिकविला. यात कापडावर नक्षी आधी रेखाटीत नाहीत. उभे-आडवे धागे मोजून गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन उठवितात. दोऱ्याला गाठ मारावयाची नसते. गवंती नावाच्या टाक्यात सुई जाताना एक घर भरते, एक रिकामे सोडते. मग त्याच वाटेने परत येताना सुटलेली घरे भरून काढते. म्हणून कापडाची उलट बाजूही सुलट बाजूसारखीच दिसते. मात्र परतीची वाट आधीच मनात धरून निघावे लागते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही बारीक पोताचे कापड सोडून मॅटीचे घेतले. त्याची घरे सहज मोजता येतात. तरीही सूनबाई काळजीने म्हणाली, "आई, यंत्रावर हे तासाभरात होतं. डोळ्यांना शीण कशाला?" तिचे म्हणणे खोटे नव्हे. यंत्राचे काम झपाट्याचे व सुबक असते. मात्र जाऊबाईंच्या शेजारी बसून धागे मोजण्याचे काम यंत्र आमच्याऐवजी करू शकत नाही. हे समजल्यापासून संध्याकाळच्या स्वयंपाकाची सुरुवात सूनबाईनेच आपणहून अंगावर घेतली आहे. तिचीही नोकरी आहे. म्हणून रात्रीची मागची आवराआवर तिच्या यजमानांकडे आली. प्रथम भांड्यांचा आवाज फार झाला, पण संसार मोडला नाही!

आयुष्याच्या पूर्वार्धात प्रत्येकाकडून काही घरे रिकामी सुटतातच. नोकरी करणारीची घरात सुटतात, घर सांभाळणारीची स्वतःच्या आवडीनिवडीत सुटतात. निवृत्ती म्हणजे ती भरून काढण्यासाठी मिळालेली परतीची वाट होय. मात्र एकत्र कुटुंबात ही वाट एकीला मिळून दुसरीला नाकारली गेली, तर सुलट बाजू कितीही देखणी असो, उलट बाजूस गाठी राहिल्याच म्हणावयाच्या. आपल्या घरीही अशी एखादी काकू, आत्या वा जाऊ असेल, जिला कोणी कधी निवृत्त केले नाही. तिला सरकारी कागद आपण देऊ शकत नाही. पण सकाळचा पहिला पेला आणि दुपारचे दोन तास देणे आपल्या हाती आहे.