आबिड्सच्या बाजारात पुरते माप

काही कामानिमित्त हैदराबादेस जाण्याचा योग आला, तेव्हा रविवारची मिस्सा आम्ही गनफाऊंड्री येथील संत जोसेफ कथीड्रलमध्ये अर्पण केली. मिलानहून आलेल्या इटालियन मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात उभारलेले हे मंदिर आबिड्सच्या बाजारापासून फार दूर नाही. मिस्सेनंतर आमचे यजमान, हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेले एक मराठी गृहस्थ, आम्हांस तो बाजार दाखवावयास घेऊन गेले.

आबिड्स हे नाव मुळात एका दुकानदाराचे. सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांच्या पदरी असलेल्या अल्बर्ट आबिद नावाच्या आर्मेनियन गृहस्थांनी येथे दुकान थाटले होते. ते दुकान गेले, १९४८ साली निजामांचे राज्यही गेले. दुकानदाराचे नाव मात्र चौकाला चिकटून राहिले. रविवारी येथे फूटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तो पाहून आम्ही इराणी चहासाठी थांबलो. कप इतका भरलेला की बशीतही चहा सांडला. यजमान हसून म्हणाले, "फादर, येथे चहा बशीपर्यंत येतो, पण मी ज्या बारचे हिशेब लिहीत असे, तेथे दारू पेल्यापर्यंत पुरती पोहोचत नसे!"

मग त्यांनी त्या धंद्याचे गणित उलगडले. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून ३० मिलिलिटरचे २५ पेग निघावेत. प्रत्येक पेगात केवळ ३ मिलिलिटर कमी ओतले, की त्याच बाटलीतून २७ पेग निघतात. माप किंचित तिरपे धरावयाचे, पेल्यात आधीच बर्फ घालावयाचा. गिऱ्हाईकास काय कळणार? बियरची सीलबंद बाटली समोर उघडली जाते, तेव्हा फसवणुकीस वाव थोडा. नळाची बियर मगात येते तेव्हा मात्र फेसाचे राज्य सुरू होते. मग काठोकाठ दिसतो. क्षणात फेस बसतो आणि बियर बोटभर खाली जाते.

हे दुखणे जुने आहे. इंग्लंडात १२१५ सालच्या मॅग्ना कार्टा ह्या सनदेतच सर्व राज्यात द्राक्षारस, एल नावाची बियर व धान्य ह्यांचे माप एकच असावे असे कलम आहे. तेथे आजही नळाची बियर ५६८ मिलिलिटरच्या पाइंटच्या ठरावीक हिश्श्यांतच विकावी लागते. तरी फेस मापात धरावा की नाही, ह्यावर वाद होतच आले आहेत. जर्मनांनी सोपा उपाय केला. पेल्यावर काठाच्या खाली रेघ असते. बियर रेघेपर्यंत, फेस त्याच्या वर. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली, आणि २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्यानुसार ज्या मापाचे पैसे घेतले त्याहून कमी माल देणे हा गुन्हा आहे. कायद्यास माल कोणता ह्याचे सोयरसुतक नाही. दूध असो, रॉकेल असो वा दारू.

वाचक विचारतील, धर्मगुरूने दारूच्या मापाची चिंता का वाहावी? दारू कमी मिळाली तर बरेच नव्हे का? आम्हीही प्रथम हेच म्हणालो. यजमानांनी शांतपणे उत्तर दिले, "फादर, माप मारलेला मजूर कमी पीत नाही. तो आणखी एक पेग मागवतो. ते पैसे त्याच्या घरातून येतात." आम्ही निरुत्तर झालो. व्यसनी माणसास लुटणे म्हणजे त्यास सुधारणे नव्हे. सातवी आज्ञा चोरी करण्यास मना करते; ज्याची चोरी झाली तो सद्गुणी होता की नाही, हे ती विचारीत नाही. लेवीय ग्रंथातही तराजू, वजने व मापे खरी राखण्याची आज्ञा आहे, आणि तीत कोणत्याही गिऱ्हाइकास वगळलेले नाही.

परतीच्या गाडीत आम्हांस आमच्याच धर्मग्रामाच्या जत्रेतील सरबताचा स्टॉल आठवला. पेला बर्फाने भरून त्यावर चार घोट सरबत ओतले जात होते. नफा मंदिराच्या छपरासाठी, म्हणून आम्ही पाहूनही गप्प राहिलो. ते पेले धरणारी बहुतेक लहान मुले होती. त्या बारच्या मालकास दोष देताना आमची जीभ चालली होती. स्वतःकडे पाहताना ती अडखळली.

येत्या जत्रेत सरबताच्या प्रत्येक पेल्यावर रेघ आखावयाची आणि बर्फ घालण्यापूर्वी सरबत त्या रेघेपर्यंत भरावयाचे, असे आम्ही ठरविले आहे. छपराचे काम थोडे लांबेल, लांबो. संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने देवाच्या औदार्याला भरघोस मापाची उपमा दिली आहे, आणि आपण दुसऱ्यास ज्या मापाने देऊ त्याच मापाने आपणांस मिळेल असेही बजावले आहे. प्रिय वाचकहो, आपल्या दुकानातले, दूधकेंद्रातले, भाजीच्या टोपलीपाशी असलेले माप आज एकदा तपासून पाहा.