मुलीच्या नावाच्या दोन पेट्या



माघात आम्ही बारा जणी सम्मेद शिखरजीला जाऊन आलो. यात्रेचं वर्णन तुम्हाला फोनवर, मंदिरात, लग्नाच्या पंगतीत सांगून झालंच आहे. आज सांगायचंय ते परत आल्यावर घरात काय झालं त्याबद्दल.

पण आधी माझ्या बॅगेची गोष्ट. हिंगोली डेक्कन स्टेशनवर ती उचलताना यांनी विचारलं, "यात दगड भरलेत का?" दहा दिवसांसाठी अकरा साड्या, दोन स्वेटर, शाल, दशम्या, चिवडा, लाडू, लोणच्याची बरणी, लागतील म्हणून तीन रिकामे डबे. गाड्या बदलत पारसनाथला उतरलो आणि तिथून जीपने मधुबनला पोचलो, तोवर माझा उजवा खांदा कामातून गेला होता.

वंदनेला रात्री अडीचला निघालो. ज्या गेल्यात त्यांना माहीत आहे, सत्तावीस किलोमीटर. नऊ चढ, नऊ टोंकांचं दर्शन, नऊ उतार, आणि तेही अनवाणी. बॅग धर्मशाळेत राहिली. हातात भाड्याची काठी, अंगावर साधी साडी, पदराच्या टोकाला थोडे तांदूळ आणि लवंगा. चोवीसपैकी वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले त्या डोंगरावर मी एवढंच घेऊन चढले आणि काहीही कमी पडलं नाही. पार्श्वनाथांच्या टोंकेच्या अलीकडे एक आर्यिका माताजी हळूहळू चढत होत्या. एक पांढरी साडी, पिंछी, कमंडलू. वय माझ्या आईएवढं असेल. मी दम खात बसले होते, त्या पुढे निघून गेल्या.

दहा दिवसांत मी तीन साड्या नेसले. बाकीच्या आठ झारखंड पाहून घडी न मोडता हिंगोलीला परत आल्या.

त्याच तिरमिरीत घरी आल्यावर मी माळा उपसायला काढला. आपल्यात हे काम चातुर्मासाआधी उरकायचं असतं, ते उगाच नाही. पावसाळी ओल धरली की अडगळीत कसर, झुरळं, वाळवी, जाळी, सगळ्यांचे संसार थाटले जातात. मग हात घालायचा म्हणजे जीवहिंसा, आणि न घालायचा म्हणजे ते वाढतच जाणार. फवारा मारणं तर आपल्याला जमायचं नाही. पुठ्ठ्याचं एकेक खोकं अंगणात आणून, मऊ केरसुणीने झाडून, मुंग्यांना वाट देत रिकामं करायला मला आठ दिवस लागले. मागच्या वर्षीच्या साठवणीच्या डाळीत सोंडे निघाले. तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं, की जादा साठवण म्हणजे नुसती पैशाची उधळण नव्हे, तो जीवांचा प्रश्न आहे. आजी वर्षाचं धान्य भरायची हे खरं, पण तिच्या घरात पंचवीस माणसं जेवत होती. आम्ही दोघं आहोत.

एक गंमत सांगते. जुन्या साड्या आणि यांच्या पँटी निघाल्या त्या मी भांडेवालीला दिल्या. तासभर घासाघीस करून काय घेतलं? एक स्टीलची चाळण आणि दोन डबे! माळा रिकामा करायला बसलेल्या बाईने दारातच नवीन भांडी घेतली. हे हसून म्हणाले, "चाललंय ते छान चाललंय."

सुनेच्या वयाच्या एका शेजारणीने मला त्या जपानी मारी कोंडोबद्दल सांगितलं. तिचं पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आलं, २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली आणि जगभर लोक कपाटं उपसू लागले. तिची रीत अशी, की एकेक वस्तू हातात धरायची आणि मनाला आनंद देते का ते पाहायचं. देत असेल तर ठेवायची, नाहीतर आभार मानून निरोप द्यायचा. तिसरं मूल झाल्यावर घर तितकं टापटीप राहत नाही, असं तिनेच २०२३ मध्ये कबूल केलं, तेव्हा मला ती फार आवडली. मी ती रीत करून पाहिली. अडचण अशी, की मला सगळ्याचाच आनंद होतो. पैठणी धरली तरी होतो, फुटक्या कानाचा कप धरला तरी होतो. आणि आपल्याकडे तर उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, त्या वस्तूवरची मूर्च्छाच म्हटली आहे. म्हणजे जिच्यावर जीव जडलाय तीच खरी अडचणीची. कोंडोबाईंची चाळणी आपल्याला उलटी धरावी लागते.

सात वर्षांपूर्वी दशलक्षणात, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, माताजींकडून मी परिग्रह परिमाण घेतलं होतं. साड्या चाळीस, भांडी दीडशे नग, दागिने अमुक तोळे. वहीत लिहून ठेवलं आहे. दरवर्षी मोजते आणि मर्यादेत बसते, याचा मला थोडा (खरं सांगायचं तर बराच) अभिमान होता.

माळ्यावर शेवटी उरल्या दोन पत्र्याच्या पेट्या. त्या मुलीच्या.

ती सहावीत असल्यापासून मी भरत होते. दर धनत्रयोदशीला एक भांडं. पितळी घंगाळ, तांब्याचा हंडा, परात, सहा भगुणी, ताट-वाट्यांचे दोन संच, चहादाणी. प्रत्येकावर दुकानात मशीनने तिचं नाव टाकून घेतलेलं. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं, साधेपणाने, तिच्याच आग्रहाने. पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट. "नंतर पाठवू" म्हणून पेट्या राहून गेल्या होत्या. मी फोन केला की टेम्पोवाल्याला विचारते.

ती म्हणाली, "आई, मला नकोत. ठेवू कुठे? आणि घंगाळात मी काय करू?"

मी म्हटलं, "अगं, सोळा वर्षं जमवलंय तुझ्यासाठी."

थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी कधी मागितलं होतं का?"

मी फोन ठेवला. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. यांच्यावर चिडले, भाजी करपवली. मनात एकच, की एवढ्या वर्षांचं माझं मन तिला दिसत नाही. आजही ते बोलणं आठवलं की लागतं, उगाच मोठेपणा घेऊन लागत नाही असं म्हणणार नाही.

त्याच आठवड्यात शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवानांच्या दर्शनाला गेले होते. परतताना गाडीत बरोबरच्या एका काकूंनी परिमाण व्रताच्या अतिचारांचा विषय काढला. काकू फार वाचतात, श्वेतांबर ग्रंथही वाचतात. त्यांनी बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातली गोष्ट सांगितली. एखाद्याने एकाच घराचा नियम घेतलेला असतो. शेजारचं घर मिळालं की तो मधली भिंत पाडतो आणि म्हणतो, घर एकच आहे. संख्या बरोबर, व्रत मोडलेलं.

गाडीत सगळ्या हसल्या. मीही हसले. वसमत-औंढ्याचा तो रस्ता, बाहेर शेतात हळद वाळत पडलेली, आणि माझ्या डोळ्यापुढे त्या दोन पेट्या. सात वर्षं मी त्या मोजल्याच नव्हत्या. वहीत शेवटच्या पानावर वेगळा रकाना आखला होता, "मुलीचे". तिचं म्हणून माझं नाही. पण ते घेताना आनंद मला व्हायचा, दुकानात घासाघीस मी करायची, पेटी उघडून मोजायची मी, किल्ली माझ्या मंगळसूत्राच्या शेजारी. तिला तर आत काय काय आहे हेही धड माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मीच फोन केला. ती आधी गप्प, मग म्हणाली, "आई, आजीचा तो छोटा खलबत्ता आहे ना, जो तू रोज वापरतेस? तो मला देशील?"

आली मग चार दिवस. खलबत्ता घेऊन गेली. वेलदोडे कुटायला मला आता पोळपाटावर लाटण्याने ठेचावे लागतात, आणि दर वेळी हात आधी त्या कोपऱ्याकडे जातो.

भांड्यांचं अजून पुरतं जमलेलं नाही. मोडीत घालावीत तर दुकानदार घट धरतो आणि माझा जीव तुटतो. घंगाळ आणि हंडा मंदिराच्या धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात दिला. तिथल्या आचाऱ्याने नाव वाचून विचारलं, "ह्या कोण, वारल्या का?" मी घाईघाईने म्हटलं, "नाही हो, पुण्यात असते!"

काल रात्री वही काढली. "मुलीचे" हा रकाना खोडला आणि त्यातले सगळे नग माझ्या बाजूला लिहून बेरीज पुन्हा केली. दीडशेच्या वर सदतीस निघाले. चातुर्मासाला माताजी आल्या की त्यांच्यापुढे वही ठेवायची आहे, तोवर आकडा खाली आणायचा प्रयत्न चालू आहे. आज सकाळी सहा भगुणी पेटीतून काढली, दोन परत ठेवली.