आकाशातील खडा

आपल्या या पत्रिकेत शास्त्रीय विषयांवरील लेखन क्वचितच येते, आणि ते करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास तर मुळीच नाही. माझे सारे आयुष्य कापडाच्या ताग्यांवर नजर ठेवण्यात गेले. तथापि २०२५ सालच्या आरंभी आमच्या घरात जे घडले ते सांगावयाचे, तर आकाशावर नजर ठेवणाऱ्या यंत्रांविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे. आणि ती यंत्रे समजून घेताना माझा जुना धंदाच मला उपयोगी पडला, म्हणून हे धाडस करीत आहे. जाणकारांनी चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

जानेवारी संपता संपता एके रात्री नातवाने मला एक नकाशा दाखविला. त्यावर एक लांबलचक पट्टा काढलेला होता. पॅसिफिक महासागराच्या पूर्वभागात त्याचा आरंभ होई. तेथून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून तो आशियाच्या दक्षिण भागात शिरे. २२ डिसेंबर २०३२ रोजी आकाशातून एक दगड पृथ्वीवर पडलाच, तर तो या पट्ट्यात कोठेतरी पडेल, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे होते. दगड पन्नास-साठ मीटरांचा असावा, कदाचित त्याहून मोठा. वेग सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर. एखादे शहर उद्ध्वस्त करावयास एवढे पुरे. बोगोटा, लागोस, ढाका अशी नावे बातमीत होती, आणि त्यांत मुंबईचेही नाव होते. आमचे हे नेगेवमधले गाव मात्र पट्ट्याच्या बरेच बाहेर होते.

मुंबईचे नाव वाचताच मला आठवली ती ताई. माझी थोरली बहीण आज ठाण्यास असते. मी १९६६ साली या देशात आलो, ती मागे राहिली. तेव्हापासून आमच्या दोघांत काळजीचा ओघ एकाच दिशेने वाहात आला आहे, तिच्याकडून माझ्याकडे. येथे काही पेटले की तिचे पत्र येई. पुढे फोन येऊ लागले. भायखळ्याच्या चाळीत आमच्या लहानपणी भोंगा म्हणजे गिरणीचा भोंगा, वडिलांच्या पाळीची वेळ. या देशात भोंगा म्हणजे मिकलातकडे धावण्याची वेळ, हे तिच्या मनाने कधीच स्वीकारले नाही. "तेवढ्यात तुला जिना उतरता येतो का रे?" हा तिचा ठरलेला प्रश्न. आता प्रथमच तिची काळजी करण्याची पाळी माझ्यावर आली होती, आणि ते काम मला जमेना.

हा दगड कोणी पाहिला, कसा पाहिला, याची मी चौकशी आरंभिली. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिली देशातील एका दुर्बिणीने तो टिपला. त्याला २०२४ वाय-आर-४ असे रूक्ष नाव मिळाले. ही दुर्बीण ॲटलास नावाच्या जाळ्यापैकी होय. हवाई विद्यापीठाने हे जाळे उभारले असून त्याचा खर्च अमेरिकेची नासा ही संस्था करते. आरंभी हवाई बेटांवर दोन दुर्बिणी होत्या. २०२२ साली दक्षिण आफ्रिकेत सदरलँड येथे आणि चिलीमध्ये अशा आणखी दोन सुरू झाल्या. दुर्बीण जितकी अजस्र तितकी उत्तम, अशी आपली साधारण समजूत असते. या दुर्बिणींचे मुख अवघ्या अर्ध्या मीटर व्यासाचे आहे. त्यांचे सामर्थ्य रुंद पाहण्यात आहे. एका छायाचित्रात आकाशाचा जो तुकडा येतो, त्यात पौर्णिमेचे शंभराहून अधिक चंद्र सहज मावतील. तीस सेकंदांत एक चित्र घ्यावयाचे, पुढच्या तुकड्याकडे वळावयाचे, आणि तासाभरात फिरून त्याच जागी यावयाचे, असे चार वेळा. मग संगणक नव्या चित्रातून त्याच जागेचे जुने चित्र वजा करतो. तारे आपापल्या जागी असतात, म्हणून वजाबाकीत ते नाहीसे होतात. जे उरते ते बदललेले तरी असते किंवा हललेले तरी. चार चित्रांत एखादा ठिपका एका रेषेत पुढे पुढे सरकलेला दिसला, की त्याचा माग सुरू होतो. त्यातही खोटे ठिपके पुष्कळ, म्हणून अखेर माणसाची नजर त्यावरून फिरते.

हे वाचले आणि मला हसू आले. कारण चाळीस वर्षे मी दुसरे काय केले? तपासणीच्या खात्यात दिवा लावलेल्या तिरप्या काचेवरून कापड सरकत असे आणि मी समोर उभा. कोठे ताणा तुटलेला, कोठे बाण्यात गाठ, कोठे तेलाचा डाग. नवशिका माणूस धागा न् धागा वाचू पाहतो. अर्ध्या तासात त्याचे डोळे चुरचुरतात आणि दोष निसटतात. माझे वडील मुंबईच्या गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. त्यांनी मला लहानपणीच सांगून ठेविले होते, की कापड वाचू नकोस, पन्हा सबंध डोळ्यांत घे आणि नुसता पाहात राहा. खरोखरच तसे केले म्हणजे मागच्या वारासारखे जे नाही, तेवढेच आपोआप डोळ्यांत खुपते. वजाबाकी म्हणतात ती हीच. फरक एवढाच, की माझा दोष कापडात स्थिर असे आणि कापड सरके. यांचे कापड स्थिर आणि दोषच सरकणारा.

ही युक्ती नवीन नाही. १९३० साली अमेरिकेतील लोवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ नावाच्या तरुणाने जानेवारीत सहा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन काचा एका यंत्रात आळीपाळीने डोळ्यांपुढे आणल्या, आणि एक ठिपका जागा बदलताना दिसला. तो प्लूटो. ती तारीख १८ फेब्रुवारी होती. त्याने हे काम डोळ्यांनी केले, आणि प्लूटो सापडण्याआधी किती निष्फळ काचा पाहिल्या असतील, याची कल्पना तपासनीसालाच येऊ शकेल. आता चिलीतल्याच एका पर्वतावर व्हेरा रूबिन वेधशाळा उभी राहिली असून तिच्या कॅमेऱ्याने २०२५ च्या जूनमध्ये जगापुढे ठेवलेल्या पहिल्या निरीक्षणांतच, अवघ्या दहा-एक तासांच्या कामात, २,१०४ नवे लघुग्रह सापडले. आमच्या खात्यात असे कोणी एका पाळीत केले असते, तर साहेबाने त्याला वेड्यात काढले असते.

परंतु ठिपका सापडणे ही गोष्टीची सुरुवात झाली. मला छळले ते पुढच्या आकड्यांनी. २७ जानेवारीच्या सुमारास धडकेची शक्यता शंभरात एकाच्या वर गेली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याअखेर दोनच्या पुढे. जितके वेध अधिक, तितका आकडा मोठा. १८ फेब्रुवारीस नासाच्या हिशेबाने तो ३.१ झाला, म्हणजे बत्तिसात एक. एवढ्या आकाराच्या कोणत्याही दगडाबाबत इतका मोठा आकडा पूर्वी कधी निघाला नव्हता. रोज सकाळी नातवास आकडा विचारावयाचा, आणि तो वाढलेला ऐकून गप्प बसावयाचे, असा माझा क्रम झाला. ताईला मी काहीच सांगितले नव्हते. बातमी सर्व वृत्तपत्रांत होती, तिला ठाऊक नसेल हे मानणे मूर्खपणाचे होते. तरी मी तिच्याशी हवापाण्याच्याच गोष्टी करीत होतो.

त्या १८ तारखेच्या संध्याकाळी मात्र मला राहवले नाही. फोन करून एकदम म्हणालो, "ताई, आता तिकडे पुरे झाले. तू इकडे ये. सर्वच इकडे या."

पलीकडून ताटात काही सरकवल्याचा आवाज येत होता. ताई तांदूळ निवडीत बसली होती. बाजारात निवडलेले तांदूळ मिळतात हे तिला मान्य नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या दगडासाठी बोलावतोस होय? अरे, तुझ्याकडे भोंगा मिनिटभर आधी वाजतो, आणि आमच्याकडे पावणेआठ वर्षे आधी वाजला. मग पळून कोणी कोणाकडे यायचे?"

मला उत्तर सुचले नाही. ती पुढे म्हणाली, "मी तेव्हा नव्वदीची असेन. माझे सोड. पण धाकट्या नातीला भीती वाटते. रोज आकडा वाढतो म्हणते. वाढतो म्हणजे तो दगड आपल्याकडेच वळला आहे का?"

हाच प्रश्न मला पंधरा दिवस सतावीत होता, आणि नातवाने आणून दिलेले लेख वाचून त्याचे उत्तर डोक्यात होते, पण हाती लागत नव्हते. तिच्या ताटाच्या आवाजाने ते लागले. मी म्हणालो, "ताई, तुझ्या ताटात एकच खडा आहे असे समज. कोठे आहे ते ठाऊक नाही. ताटाच्या मधोमध एक फूल काढलेले आहे. खडा नेमका फुलावर असेल असा संभव किती? अगदी थोडा. आता तू कडेकडेचे तांदूळ निवडून बाजूला केलेस. खडा मिळाला नाही. उरलेला ढीग लहान झाला, आणि फूल अजून त्या ढिगाखालीच आहे. मग संभव वाढला की नाही?"

"वाढला."

"खडा हलला का?"

"तो कशाला हलतो? आहे तिथेच आहे." आणि क्षणभराने, "म्हणजे फूल ढिगाबाहेर पडेपर्यंत आकडा चढतच राहणार."

"आणि ते बाहेर पडले, की एकदम शून्यावर येणार. किंवा खडा खरोखर फुलावरच सापडणार."

"ते दुसरे सांगायचे टाळू नकोस नातीला," ताई म्हणाली. "मुलांना अर्धे सांगितले की ती उरलेले स्वतः भरतात."

वाचकहो, हा दृष्टान्त मी माझ्या बुद्धीचा म्हणून मिरवीत नाही. फूल म्हणजे आपली पृथ्वी आणि ताट म्हणजे दगडाच्या संभाव्य वाटांचा पसारा. प्रत्येक नवा वेध त्यातील काही वाटा बाद करतो, एवढेच गणित आहे. दुसऱ्याच दिवशी आकडा निम्मा झाला. २४ फेब्रुवारीस तो इतका अल्प उरला, की पृथ्वीला या दगडापासून २०३२ मध्ये धोका नाही असे सांगण्यात आले. ठाण्यास नातीने ती बातमी वर्गात मोठ्याने वाचून दाखविली म्हणे.

सुटकेचा आनंद मलाही झाला, परंतु तपासनीसाची खोड जात नाही. या प्रकरणातील एक तारीख मला अजून खुपते. हा दगड पृथ्वीच्या अगदी जवळून, सुमारे सव्वाआठ लाख किलोमीटरांवरून गेला, तो २५ डिसेंबर २०२४ रोजी. सापडला २७ ला. म्हणजे तो येताना कोणी पाहिलाच नव्हता; जाताना त्याची पाठ दिसली. कारण तो आला सूर्याच्या बाजूने. रात्रीच्या दुर्बिणीला दिवसाचे आकाश दिसत नाही, मग ती कितीही रुंद पाहो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे वीस मीटरांचा दगड फुटला, तोही त्याच बाजूने आला होता. आधी कोणास चाहूल नव्हती. उजेड पाहून लोक खिडक्यांशी आले, आणि मागाहून पोचलेल्या हादऱ्याने त्याच खिडक्यांच्या काचा त्यांच्यावर आल्या. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. आमच्या तपासणीच्या टेबलासमोर खिडकी होती, आणि हिवाळ्यात सकाळी तासभर ऊन सरळ डोळ्यांवर येई. त्या तासात पास केलेला माल पुन्हा पाहावा, असे मी दोनदा सुचविले होते. उत्पादन थांबेल म्हणून ते मानले गेले नाही, आणि परत आलेल्या ताग्यांचा ठपका तपासनीसांवर बसला. सूर्याच्या बाजूचे आकाशही पाहता यावे म्हणून अवकाशात ठेवावयाची एक दुर्बीण नासाने बांधावयास घेतली आहे, हे वाचून मला ती खिडकी आठवली.

त्याच वर्षी जूनमध्ये इराणशी युद्ध पेटले, आणि आमच्याकडे रात्री भोंगे वाजू लागले. ताईचे फोन पुन्हा सुरू झाले, ओघ पुन्हा आपल्या जुन्या दिशेने वाहू लागला. एका पहाटे मिकलातमधून वर येऊन मी फोन उचलला, तर तिने जिन्याविषयी विचारले नाही. "आज फूल ढिगात आहे की बाहेर?" एवढेच म्हणाली. मी म्हटले, "बाहेर." पलीकडे ताट सरकल्याचा आवाज आला.

२०२४ वाय-आर-४ पुन्हा पृथ्वीजवळ येईल तो २०२८ च्या अखेरीस. तेव्हा वेध घेतील त्याची बातमी कळव, असे ताईने बजावून ठेविले आहे. तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून झाला. डावा व्हायचा आहे. तांदूळ ती अजून स्वतःच निवडते.