कोरा नमुना

बेळगावहून फोंड्यास येऊन आमच्या घराण्यास तीन पिढ्या झाल्या. रसायनशास्त्र शिकविण्यात माझी हयात गेली. त्यामुळे सागरविज्ञानाचा अभ्यास करणारी पुतणी दोन वर्षे आमच्या घरी राहिली, तेव्हा तिच्याकडून आपल्याच विषयातला धडा घ्यावा लागेल, असे मला वाटले नव्हते.

तिचा विषय होता प्राणिप्लवक, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणारे समुद्रातले इवले जीव, आणि त्यांच्या पोटातले प्लास्टिक. यांतले कोपेपॉड बहुधा एक-दोन मिलिमीटरांचे, तांदळाच्या कणीएवढेच. एवढ्याशा पोटात प्लास्टिक मावते कसे, असे मी विचारले. तेव्हा तिने इंग्लंडमधील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग सांगितला. त्यांनी पॉलिस्टायरीनचे १.७ ते ३०.६ मायक्रोमीटर व्यासाचे चमकणारे मणी प्लवकांच्या पाण्यात सोडले. १५ प्रकारांपैकी १३ प्रकारच्या जिवांनी ते गिळले. पारदर्शक शरीरातून पोटातले मणी उजळलेले दिसत. मण्यांच्या संगतीत कोपेपॉडांचे शैवाल खाणेही कमी झाले.

पण तो प्रयोगशाळेतला प्रकार. तेथे मणी आपणच घातलेले असतात. समुद्रातून आणलेल्या जिवाच्या पोटातला तुकडा आपली ओळख सांगत नाही. म्हणून आधी शेकडो जीव सूक्ष्मदर्शकाखाली वेचायचे, अंगाला चिकटलेले काही राहू नये म्हणून धुवायचे, मग पोटॅशच्या द्रावात त्यांचे मांस विरघळवायचे. उरले ते गाळायचे आणि अवरक्त किरणांनी तपासायचे. कोणता पदार्थ कोणते किरण शोषतो, त्यावरून पॉलिएस्टर की कापूस हे कळते. याच्याच जोडीला एक कोरा नमुना असतो. तीच भांडी, तोच द्राव, तीच चाळणी. फक्त जीव नाहीत. त्यात काही सापडले, तर ते समुद्रातले नव्हे, आपल्या खोलीतले.

तीन महिन्यांच्या कामानंतर तिला पुष्कळ निळे धागे सापडले. घरी आनंद झाला. आठवडाभराने ती उतरलेल्या चेहऱ्याने आली. कोऱ्या नमुन्यातही तेच निळे धागे निघाले होते. वातानुकूलित खोलीत थंडी वाजते म्हणून दिवाळीत मीच दिलेली पॉलिएस्टरची निळी शाल ती सुती डगल्याखाली गुंडाळून बसत असे. धागा शालीशी जुळला.

प्रबंध देण्याची मुदत जवळ आली होती. मी, आयुष्यभर मुलांना प्रयोगवही खरी लिहा म्हणून बजावणारा, तिला म्हणालो, "अगं, कोऱ्या नमुन्यांतले एकदोन धागे नोंदले नाहीत, तर कोणाला कळणार आहे?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, मग मी समुद्राची नाही, तुमच्या शालीची नोंद करीन. आणि तो आकडा उद्या बाजारात जवळा घेऊन बसणाऱ्या बाईच्या तोंडावर कोणीतरी फेकील. जवळ्याचे पोट साफ करून कोणी खात नाही ना?"

मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री जेवणही नीट गेले नाही.

तिने सारे नमुने बाद केले. मुदत वाढवून घेतली, एक शिष्यवृत्ती त्यापायी हुकली. दुसऱ्या खेपेस ती फक्त सुती कपडे घालून गेली, टेबलावर ओला गाळणकागद उघडा ठेवून हवेतले धागेही मोजले. आकडा बराच खाली आला. पण शून्यावर आला नाही. आणि तो आकडा पहिल्याहून मला कितीतरी वजनदार वाटला.

शाल तिने आमच्याकडेच ठेवली. परवा आमच्या सौभाग्यवतींनी ती धुवायला काढली, तेव्हा मी त्यांना थांबविले. अशा कपड्यांचे बारीक धागे प्रत्येक धुण्यात सुटतात, सांडपाण्याबरोबर नदीत उतरतात आणि नदी समुद्राला मिळते, हे पुतणीनेच सांगितले होते. त्या नमुन्यांपुरती शाल बाद झाली; समुद्राच्या हिशेबातून मात्र ती सुटलेली नाही. तूर्त ती ट्रंकेत घडी घालून ठेवली आहे. तिचे काय करावे, हे आम्हा दोघांना अजून ठरविता आलेले नाही.