दसऱ्याच्या आत

(पहिलीचा वर्ग, जिल्हा परिषद शाळा, बीड जिल्हा)

२६ सप्टेंबर २०२२, सोमवार
घटस्थापना. पोरींच्या वेण्यांत झेंडू, एकीच्या कानावर तरवडाचं पिवळं फूल. पट २८, हजर २६.
यंदा साखर कारखाने १५ ऑक्टोबरला सुरू होणार. दसरा झाला की गावातल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. पहिलीतली नऊ लेकरं त्या घरांतली. जूनपासून जे शिकवलं ते दसऱ्याच्या आत पक्कं व्हायला हवं.

२७ सप्टेंबर
अक्षरतक्त्यावर 'ऊ' आला. चित्र उसाचं. एरवी तक्ता लावला की वर्ग माझ्या तोंडाकडे बघतो. आज मी ऐकत बसले. कांडं, वाढं, फड, कोपी. पाऊस आला की कोपीत पाणी कुठून शिरतं. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात, मागची जास्त हलते. भ. हे सगळं उभं राहून सांगत होता. एकदाही अडला नाही. वाचनाला उभं केलं की हाच पोरगा खाली बघतो.
उद्यापासून त्याला त्याचीच वाक्यं लिहून द्यायची. तीच वाचायची.

२८ सप्टेंबर
खराट्याच्या काड्या वाटल्या. दहा मोजायच्या, दोरा बांधायचा.
"बाई, मोळी झाली!" गौ. ओरडली.
दशक फळ्यावर राहिला, वर्गात मोळी चालू झाली. एक मोळी चार सुट्ट्या, चौदा. एक मोळी सात सुट्ट्या, सतरा. दोन मोळ्या, सुटी एकही नाही, वीस.
गौ.ची गाठ बघण्यासारखी. काड्यांवर गुडघा दाबला, दोऱ्याची टोकं एकत्र पिळली, पीळ खाली खोचला. सुटता सुटेना. आईचं बघून शिकली.

३० सप्टेंबर, शुक्रवार
हस्त लागलाय. भोंडला केला. पाटावर खडूने हत्ती काढला, मुलगेही फेरात. गाणी दुसरी-तिसरीच्या पोरींनी म्हटली, आमचे शेवटची ओळ जोरात.
खिरापत ओळखताना खरी मजा. झाकलेला डबा कानाशी नेऊन हलवला. "वाजत नाही, म्हणजे फुटाणे नाहीत." "जड हाय, मग चुरमुरे पण नाहीत." पुस्तकातलं वर्गीकरण इतकं नीट कुणी केलं नव्हतं. शिरा निघाला. बोटं चाटून झाली, मग हात धुतले.

१ ऑक्टोबर
गौ.ची आई शाळा सुटताना थांबली. मजुरीची उचल पावसाळ्यातच घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्याला अर्धाच धरतात. धाकटा दहा महिन्यांचा.
"फडात तेला कोण बघंल, बाई? म्हनून हिला न्यावं लागतंय."
आजी गावातच राहणार. तिला डोळ्यानं कमी दिसतं.
हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने पाठवून ठेवलाय. दोन वेळचं जेवण मिळालं की लेकरं आजी-आजोबांजवळ राहू शकतात. मंजुरी आलेली नाही.

३ ऑक्टोबर
मंजुरी नाही.
भ. स्वतःची ओळ वाचतो: मागची ट्रॉली हलते. बोट ठेवून, सावकाश, पण वाचतो.

४ ऑक्टोबर, खंडेनवमी
उद्या सुट्टी, म्हणून पाटीपूजन आजच. १ चे आकडे जोडून पाटीवर सरस्वती काढायची. सगळ्यांत सोपा आकडा, तो ज्याला येतो त्याला ही सरस्वती येते. वर्गात एकही पाटी कोरी राहिली नाही. कुणाची सरस्वती तिरकी, कुणाची फारच लठ्ठ. कुंकू वाहिलं.
घरी आज कशाकशाची पूजा, ते विचारलं. खुरपं, विळा, शिवणयंत्र, मोटारसायकल.
गौ.: "आमचे दोन कोयते. एक आईचा, एक अप्पाचा."
तिला पाटीवर २ लिहायला सांगितलं. लिहिला. मग तिनेच पुढे ११ लिहिले आणि म्हणाली, "एक मोळी, वर एक."

५ ऑक्टोबर, दसरा
संध्याकाळी दारात सोनं द्यायला मुलांची रांग. आपट्याचं पान मधोमध दुमडून दाखवलं. दोन्ही बाजू जुळतात. मग सगळ्यांनी आपापली पानं दुमडली, माझ्या हातात घड्याच आल्या.

६ ऑक्टोबर
गौ.च्या आजीकडे जाऊन आले. "ठिवते मी पोरीला. पर ते बारकं? ते कुनाच्या जिवावर ठिवू?"
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
भ.चा मात्र काका गावात थांबतोय. भ. राहणार.

७ ऑक्टोबर
आठ शिक्षण हमी कार्डं भरली. जिथे जातील तिथल्या शाळेत दाखवायची, तिथे वर्गात बसवून घेतात. कोणती अक्षरं येतात, संख्या कुठपर्यंत. गौ.च्या कार्डावर: २० पर्यंत मोजते, लिहिते. स्वतःचं नाव लिहिते. मात्रा चुकते.
प्रत्येकाच्या आईला कार्ड दोनदा समजावलं. एकीने ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं. तिथे हरवायचं नाही.

९ ऑक्टोबर, रविवार
कोजागिरी. टोळ्या गेल्या.

१० ऑक्टोबर
हजर १९. एका रांगेत दोघंच, त्यांना पुढे घेतलं.
परतीचा पाऊस थांबत नाही. काढलेलं सोयाबीन भिजतंय.

१५ ऑक्टोबर, शनिवार
वाचन प्रेरणा दिन. अब्दुल कलामांची जयंती, राज्यात २०१५ पासून हा दिवस असा पाळतात. मुलांना सांगितलं, ते लहानपणी पहाटे पेपर वाटायचे. लगेच प्रश्न: "मग शाळेत कधी जायचे?" पेपर वाटून झाल्यावर जायचे, म्हटलं.
भ.ने नवं गोष्टीचं पुस्तक उघडलं. त्यात त्याची वाक्यं नव्हती. पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानावर जोडाक्षराशी थांबला, ते सोडून पुढे गेला, परत मागे आला. त्याला कुणी सांगावं लागलं नाही. मला फार बरं वाटलं.
आजच कारखाने सुरू.

२१ ऑक्टोबर
दिवाळीची सुट्टी लागली. आकाशकंदील चिकटवून झाले, प्रत्येकाचा घरी गेला. गेलेल्यांची दिवाळी फडात.
गौ.च्या वडिलांचा फोन लागत नाही.

१० नोव्हेंबर
शाळा भरली. वसतिगृहाला मंजुरी आली. संध्याकाळचं जेवण शिजवायला गावातल्याच दोघी तयार आहेत. भ. जेवणार. ज्यांच्यासाठी ऑक्टोबरमध्ये ते हवं होतं, ती आठ गेलेली आहेत.

१४ नोव्हेंबर, बालदिन
दुपारी अनोळखी नंबर. कोल्हापूर जिल्ह्यातून, कारखान्याजवळच्या शाळेतले गुरुजी. कार्डावरचा माझा नंबर बघून फोन केला. गौ.ला वर्गात घेतलंय. रोज येत नाही. येते तेव्हा भावाला कडेवर घेऊन येते.
विचारलं, बाळाला बसू देता का?
"बसू देतो. कोपऱ्यात सतरंजी टाकलीय. तो झोपला की ती लिहिते."
दशकाला ती मोळी म्हणते, त्यांना आधी कळेना, तेही सांगितलं. मी त्यांना काड्या द्यायला सांगितल्या.
बाकी सातजणांच्या शाळांचे नंबर मिळवायचे. उद्या सरपंचांकडून टोळ्यांच्या मुकादमांचे घ्यायचे आणि प्रत्येक गुरुजींना हेच आधी विचारायचं: सोबत धाकटं भावंड आलं तर त्याला बसू द्याल का? पुढच्या सप्टेंबरपासून कार्डं भरताना अक्षरं आणि संख्यांच्या खाली आणखी एक ओळ लिहायची: सांभाळायला धाकटं कोण आहे, त्याचं वय किती.