व्हिडिओ कॅसेट, कॉम्बो मशीन आणि दादांचा आवाज

आमच्या थोरल्या ताईचे लग्न मे १९९२ मध्ये कुर्ल्याला, वस्तीतल्या मैदानात मांडव घालून झाले. आमची तेव्हा सहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. व्हिडिओ शूटिंग म्हणजे त्या काळी पैसेवाल्यांची चैन. आमचे वडील महानगरपालिकेच्या सफाई खात्यात होते. आम्ही सारी भावंडे त्यांना दादा म्हणत असू. त्यांनी पतपेढीतून कर्ज काढले आणि त्यातच शूटिंगवाल्याचे पैसे धरले. आई म्हणाली, "त्या पैशात पोरीला चार भांडी येतील." दादा म्हणाले, "भांड्यांना पोचे पडतील, हे राहील."

राहिले खरे, पण अर्धेच राहिले. मंगल परिणय झाल्यावर दादा माईकसमोर उभे राहिले आणि चार-पाच मिनिटे बोलले. स्टेजवर बोलण्याची त्यांची ती पहिली आणि शेवटची वेळ. १९९७ साली ते गेले. त्यांचे फोटो आठ-दहा आहेत, आवाज मात्र दुसरा कुठेच नाही. आणि त्या शूटिंगवाल्याने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पाहुण्यांच्या पंगतीपासून दादांच्या भाषणापर्यंत सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवून दिली होती! कॅसेट लावली की दादांचे ओठ हलत आणि गाणे मात्र भलत्याच कुणाचे वाजे. ते काय बोलले यावर आमच्या घरात आजवर एकमत झाले नाही. ताई म्हणते, त्यांनी पाहुण्यांचे आभार मानले. चुलतभाऊ म्हणतो, पोरांना शिकवा असे सांगितले. आई काहीच बोलत नसे.

ही एवढी कॅसेट वाचली तीही योगायोगाने. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी आमच्या घरात छातीएवढी आली. पलंगाखालच्या पेटीतल्या बाकीच्या कॅसेटी, त्यात १९९१ सालच्या जन्मशताब्दी मिरवणुकीचीही एक, चिखलासकट कचऱ्यात गेल्या. ही तेव्हा ताईकडे नाशिकरोडला होती.

पुढे २००९ साली आम्ही एका दुकानातून तिची डिस्क करून घेतली. तीत अर्थातच गाणीच होती. गेल्या वर्षी ती डिस्कही अडकू लागली, तेव्हा ठरवले की दुकान नको, आपलेच मशीन घ्यावे. वस्तीतही घरोघर माळ्यावर अशा कॅसेटी पडून आहेत. मंडळात विषय काढला, वर्गणी जमली, आणि बी.कॉम. झालेला कारकून म्हणून खरेदीचे काम आमच्याकडे आले.

कॉम्बो म्हणजे एका बाजूला व्हीएचएस कॅसेट आणि दुसऱ्या बाजूला डीव्हीडी असे एकाच डब्यातले मशीन. आता ते नवीन मिळत नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. त्यामुळे जुन्या बाजारावरच भिस्त. आम्ही लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्या पालथ्या घातल्या आणि पहिल्याच फेरीत फसलो. स्वस्तात मिळाले म्हणून आनंदाने घरी आणले, तर ते कॅसेटही वाजवी आणि डिस्कही वाजवी, पण डिस्कवर उतरवून देत नसे. कॉम्बो प्लेअर आणि कॉम्बो रेकॉर्डर हे दोन वेगळे प्रकार आहेत, बाहेरून जवळजवळ सारखेच दिसतात. वर्गणीचा पैसा होता, त्यामुळे ती रक्कम आम्ही पगारातून भरली. घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

दुसऱ्या खेपेस अमेरिकेतून आलेले एक मशीन दाखवले गेले, अगदी नव्यासारखे. पण ते ११० व्होल्टवर चालणारे आणि एनटीएससी पद्धतीचे. आपल्याकडची शूटिंग पाल पद्धतीची, ६२५ रेषांची, सेकंदाला २५ चित्रे. तिकडची ५२५ रेषांची आणि सेकंदाला जवळपास ३० चित्रांची. विजेसाठी ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण फक्त एनटीएससी वाचणाऱ्या मशीनला आपली कॅसेट नीट दाखवता येत नाही.

शेवटी मार्ग दाखवला तो आमच्या वस्तीतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी. आठवी शिकलेला माणूस, पण हातात विद्या आहे. त्यांनी सगळी हकीगत ऐकली आणि विचारले, "भाऊ, ही शूटिंगची मूळ कॅसेट की कॉपी?"

"मूळच. कमी पैशात काम केलं म्हणून त्याने कॅमेऱ्यातलीच दिली."

"गाणी नंतर चढवली ना? मग खाली काय आहे ते कोणी बघितलं का?"

आम्हाला काही उमजेना. मग त्यांनी कागदावर पट्टी काढून दाखवली. व्हीएचएस पट्टीवर आवाजाच्या जागा दोन असू शकतात. एक पट्टीच्या कडेने सरळ जाणारी रेघ, हा साधा आवाज. दुसरा हाय-फाय आवाज. तो फिरत्या ड्रमवरची हेड पट्टीत खोल भरतात आणि चित्र त्याच्या वर बसते. नंतर गाणे चढवले की फक्त कडेची रेघ पुसली जाते. खालचा आवाज काढायचा तर चित्रच पुसावे लागते. "कॅमेरा हाय-फाय असेल तर तुमचे दादा अजून तिथंच आहेत. नसेल तर मात्र नाही," काका म्हणाले. दुकानदाराने १६ वर्षांपूर्वी साध्या मशीनवर कॅसेट लावली असेल, तर त्याला ते ऐकू येणारच नव्हते.

म्हणून आमची निवड बदलली. बाकी चार गोष्टी आम्ही चौकशीने बघितल्याच. पण आधी आम्ही विचारले ते हाय-फाय आहे का, आणि आवाज हाय-फाय की साधा हे निवडता येते का. काळ्या रंगाचे एक ओबडधोबड मशीन मिळाले, रिमोटसकट. रिमोट सोडू नये, कारण ही निवड आणि ट्रॅकिंग बहुधा त्याच्यावरच असते. दुकानातच आपली एक बिनमहत्त्वाची कॅसेट लावून, डिस्कवर दहा मिनिटे उतरवून, ती डिस्क दुसऱ्या प्लेअरवर वाजवून बघितली. उतरवून झाल्यावर डिस्क फायनलाइज करावी लागते, नाहीतर ती इतर मशीनवर चालत नाही. दुकानदार कंटाळला, पण एकदा फसलेला माणूस किती चिवट होतो हे त्याला ठाऊक नव्हते.

घरी आल्यावर लगेच कॅसेट लावणार, तर काकांनी हात धरला. खिडकीतून पाहिले तर रीळाच्या कडेला पांढरे ठिपके. बुरशी. तशीच घातली तर हेड खराब होतात आणि पुढच्या कॅसेटींनाही बुरशी लागते. त्यांनी मागचे पाच स्क्रू काढून पट्टी सोडवली आणि दोन रविवार बसून कोरड्या मऊ कापडाने पुसली. पैसे घेतले नाहीत.

तिसऱ्या रविवारी ताई नाशिकरोडहून आली. तीन तासांच्या कॅसेटसाठी आम्ही दोन डिस्क ठेवल्या. एकीवर चार तासही बसतात, पण चित्र पातळ होते. आवाज हाय-फायवर लावला आणि दादांच्या भाषणाशी आलो.

गाणे नव्हते. जनरेटरची घरघर, माईकची शिट्टी, कुणाचे तरी पोर रडत होते. मग दादा. "मी काय बोलनार..." एवढे झाले आणि खर्र आवाज झाला, गाणे परत आले. बुरशीने जिथे पट्टी खाल्ली तिथे हाय-फाय सुटते आणि मशीन आपोआप कडेच्या रेघेवर येते. काका ट्रॅकिंग एकेक पायरी हलवत राहिले. पुन्हा दादा: "...हिच्या आईनं दोन लुगड्यांत दिवस काढलं, पन पोरीचं वही-पुस्तक थांबू दिलं न्हाई..." पुन्हा गाणे. शेवटी "समद्यांना जय भीम" स्वच्छ आले. चार-पाच मिनिटांतले दीडेक मिनिट मिळाले असेल.

आईने पदर तोंडाला लावला होता. थोड्या वेळाने म्हणाली, "दोन न्हाई, तीन व्हती." ताई हसता हसता रडू लागली. मग आईने तेवढाच भाग पाच वेळा लावायला लावला.

त्याच्या चार डिस्क केल्या. शिवाय संगणकावर आणि पेन ड्राइव्हवर एकेक प्रत ठेवली, कारण डिस्कही कायमची नसते हे आता कळले आहे. मशीन विहाराच्या खोलीत आहे, वस्तीतल्या २२ कॅसेटी रांगेत आहेत. दर रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही आणि काका तिथे असतो. कॅसेट आणताना ती चालते का हे बघायला घरच्या जुन्या व्हीसीआरमध्ये घालू नका. आहे तशीच, पुसूही नका, फक्त पिशवीत घालून आणा.